परीक्षकावरची बंधनं

वादविवाद स्पर्धेची नियमावली हातात पडली की मुलं तिच्यात दोनच गोष्टी शोधतात: बोलायला मिनिटं किती आणि गुण कशाकशाला. उरलेली पानं आयोजकांनी स्वतःच्या बचावासाठी छापलेली असतात असा एक समज आहे, आणि बहुतेक वेळा तो रास्तच असतो. जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धेची पुस्तिका मात्र त्याला अपवाद आहे. ही स्पर्धा 1981 साली ग्लासगोत सुरू झाली. 2014 ची चेन्नईत भरली. कोरियाने घेतलेली 2021 ची आणि बेलग्रेडची 2022 ची अशा दोन स्पर्धा कोविडमुळे पडद्यावर झाल्या. इतक्या वर्षांत तिचे नियम अनेक हातांनी लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. पुस्तिकेला त्यामुळे एक लेखक नाही. तरीही वाचताना एकच माणूस बोलतोय असं वाटत राहतं: शेकडो फेऱ्या ऐकलेला, बंद दाराआड सहपरीक्षकांशी हुज्जत घातलेला, हरलेल्या पोरांच्या तोंडाकडे बघत निकाल सांगावा लागलेला कुणी जुनाजाणता.

या आवाजासाठी मला ही पुस्तिका आवडते, आणि तिच्यातल्या एका उफराट्या गोष्टीसाठीही. पुस्तक बोलणाऱ्यांच्या स्पर्धेचं, पण त्यातली बंधनं पाहावीत तर बहुतेक ऐकणाऱ्यावर. वक्त्याने काय करावं हे थोडक्यात उरकलेलं आहे. परीक्षकाने काय करायचं नाही, हे पानोपानी येतं, उदाहरणं देऊन येतं, आणि कधी कधी ज्या कळवळ्याने येतं त्यावरून कळतं की आधी कुणीतरी ते करून बसलेलं आहे.

चौकट आधी सांगून टाकतो. एका प्रस्तावावर चार संघ, प्रत्येकात दोघं. दोन संघ सरकार पक्षाचे, दोन विरोधकांचे. कुणाला कुठली बाजू मिळेल ते सोडतीने ठरतं. प्रस्ताव कळल्यावर तयारीला 15 मिनिटं, भाषणाला 7. पहिलं आणि शेवटचं मिनिट वक्त्याचं स्वतःचं. मधल्या 5 मिनिटांत समोरचे प्रश्न विचारायला उभे राहू शकतात. वक्त्याने परवानगी दिली तर 15 सेकंदांत प्रश्न संपवायचा. शेवटी चार क्रमांक लागतात आणि त्यांना 3, 2, 1, 0 असे गुण मिळतात. बरोबरी नाही. खरी गोम एकाच बाजूच्या दोन संघांत आहे. ते एकमेकांचं खोडत नाहीत, पण एकमेकांना हरवायला बसलेले असतात. दुसऱ्या संघाने पहिल्याशी निष्ठा राखून त्याच्याहून नवं आणि वजनदार काही आणायचं, याला ही मंडळी ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. एकत्र कुटुंबातल्या धाकट्या भावाची जागा ज्याने अनुभवली आहे त्याला ही अवघड कसरत वेगळी समजवायला नको.

आपल्याकडच्या महाविद्यालयीन वादविवादाची रीत निराळी आहे आणि तिच्यातही एक मौज आहे. महाविद्यालयाचे दोन स्पर्धक. एक अनुकूल बोलणार, दुसरा प्रतिकूल. दोघांच्या गुणांची बेरीज ज्यांची जास्त, फिरता करंडक त्यांचा. म्हणजे एकाच एसटीने आलेले, एकाच डब्यातलं जेवलेले दोघे व्यासपीठावर परस्परविरुद्ध बोलतात आणि करंडक मिळून घरी नेतात. कल्पना फार सुंदर आहे. प्रत्यक्षात विषय आधीच कळवलेला असतो, भाषणं पाठ असतात, आणि विसाव्या क्रमांकाच्या स्पर्धकाने सातव्याला उत्तर दिलंय असं क्वचितच घडतं. वादविवादाच्या नावाखाली वक्तृत्वाच्या दोन रांगा लागतात. महादेव गोविंद रानड्यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून आपण बोलण्याच्या कलेचं कौतुक हौसेने करत आलो आहोत. ऐकण्याच्या कलेचे नियम लिहून ठेवावेत असं मात्र आपल्याला फारसं सुचलेलं नाही. परीक्षक म्हणजे गावातले प्रतिष्ठित. ते ऐकतात कसं, हे त्यांना कोण विचारणार?

या पुस्तिकेतलं सर्वांत देखणं पात्र काल्पनिक आहे. परीक्षकाने स्वतः म्हणून ऐकायचं नसतं, एका सामान्य, समंजस मतदाराच्या जागी बसून ऐकायचं असतं. त्या मतदाराचं वर्णन सावकाश वाचावं असं आहे. तो वर्तमानपत्र वाचतो, संशोधनपत्रिका वाचत नाही. कुठल्याच विषयात तज्ज्ञ नाही, पण नीट समजावून सांगितलं तर अवघड गोष्टही त्याच्या डोक्यात शिरते. त्याला मतं आहेत, हट्ट नाही. तो एका विशिष्ट देशाचा नाही. नैरोबीचं उदाहरण असो की नागपूरचं, त्याला दोन्ही सारखीच जवळची किंवा सारखीच लांबची. कादंबरीत असं पात्र आलं असतं तर आपण लेखकाला विचारलं असतं, अहो, असा माणूस राहतो कुठे? पुस्तिकेलाही ठाऊक आहे की असा माणूस भेटणं कठीण. म्हणून ती त्याला शोधायला सांगत नाही. तासाभरासाठी तुम्हीच तो व्हा, एवढंच सांगते.

हे ‘होणं’ किती जड जातं ते उदाहरणाने पाहू. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोन लागतं. पुढे भिवंडीपर्यंत आणि तिच्याही पलीकडे गोदामांचा पसारा आहे. रस्त्यावर रात्रंदिवस कंटेनर. समजा, गोदामांतल्या कंत्राटी कामगारांविषयीचा प्रस्ताव आलाय आणि परीक्षक कोनमध्ये वाढलेला आहे. हमाली कशी ठरते, ठेकेदार हजेरी कशी मांडतो, पावसाळ्यात कुणाचं काम आधी जातं, हे त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं. लांबच्या शहरातला एक संघ या कामगारांविषयी पुस्तकी, गुळगुळीत मुद्दे मांडतो. समोरचा संघ त्यांना नीट अडवत नाही. परीक्षकाच्या जिभेवर अचूक उत्तर तयार आहे. पुस्तिका म्हणते, ते गिळा. समोरच्यांनी जे म्हटलं नाही ते तुम्ही त्यांच्या खात्यावर जमा करायचं नाही. वादकांच्या भाषेत याला ‘स्टेप इन’ करणं म्हणतात आणि परीक्षकाच्या अपराधांत हा सर्वांत मोठा.

आणि याची दुसरी बाजूही तितकीच कडक आहे. एखादा वक्ता अर्थशास्त्रातली एक भारी संज्ञा फेकून पुढे जातो. परीक्षक अर्थशास्त्राचाच असला तर त्याच्या मनात त्या संज्ञेमागचा सगळा युक्तिवाद आपोआप उलगडतो. तो उलगडा वक्त्याने केलेला नसतो, परीक्षकाने केलेला असतो. तेव्हा त्याचं श्रेय वक्त्याला द्यायचं नाही. म्हणजे परीक्षकाचं ज्ञान कुणाच्या विरुद्ध वापरायचं नाही आणि कुणाच्या बाजूनेही नाही. शिकलेल्या माणसाला आपलं शिकणं दाराबाहेर चपलांजवळ ठेवून यायला सांगणारा नियम मी दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत पाहिलेला नाही.

मग वक्ता धडधडीत खोटं बोलला तर? इथे पुस्तिका किंचित अडखळते, आणि ती अडखळते तिथेच ती मला सर्वांत प्रामाणिक वाटते. तिचं उत्तर साधारण असं: त्या सामान्य मतदारालाही सहज कळेल इतकं ते उघड खोटं असेल तर परीक्षकाने त्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही. पण खोटेपणा कळायला खास माहिती लागत असेल तर तो उघडा पाडणं हे समोरच्या संघाचं काम. रेषा बारीक आहे, आणि ती कुठे ओढायची यावर परीक्षकांची भांडणं होतात. ती होणारच.

हा पेच जुना आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले: तत्त्व कळावं म्हणून करायचा तो वाद, जिंकण्यासाठी खेळायचा तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडत सुटायचं ती वितंडा. याच सूत्रांच्या पाचव्या अध्यायात 22 निग्रहस्थानं येतात, म्हणजे माणूस जिथे हरला असं समजायचं त्या 22 जागा. ही यादी कोरडी वाटते, पण एकेका कलमामागे कुणीतरी प्रत्यक्ष सभेत केलेली लबाडी दिसते. हेतू, म्हणजे दिलेलं कारण, फसला की गुपचूप दुसरा हेतू पुढे करणारा तिथे आहे, विषय सोडून भलतंच बोलत बसणारा आहे, आणि समोरच्याचं म्हणणं तीनदा सांगूनही ज्याला ते परत म्हणून दाखवता येत नाही असाही आहे. यातलं ‘पर्यनुयोज्योपेक्षण’ नावाचं कलम आपल्या पेचाला थेट भिडतं. समोरचा चुकला होता, तुम्ही त्याला तिथे धरू शकत होतात आणि धरलं नाहीत, तर हरण्याची जागा तुमची. चूक त्याची, पराभव तुमचा!

पण मग ही उपेक्षा दाखवून देणार कोण? ज्याने मूळ चूक केली तो बोलणार नाही, कारण त्याला आपली चूकच उघडी करावी लागेल. ज्याच्या ती लक्षात आली नाही तो तर बोलूच शकत नाही. वात्स्यायनाने या सूत्रांवरच्या भाष्यात याचं उत्तर दिलंय: हरलं कोण, असं विचारल्यावर हे सभेने सांगायचं. आणि पुढे जोडलंय की पकडला गेलेला माणूस काही स्वतःची लंगोटी स्वतः सोडून दाखवणार नाही. इतक्या काटेकोर भाष्यात असा गावरान विनोद अवचित येतो आणि अख्ख्या सभेचं चित्र उभं राहतं. सभा सगळं पाहतेय, तिला दोघांच्याही चुका दिसताहेत, पण विचारेपर्यंत ती गप्प आहे. आधुनिक पुस्तिकेतला परीक्षक याहून वेगळा नाही. फेरीभर त्याने मधे पडायचं नाही. निकाल सांगताना मात्र तुम्ही कुठे धरायला हवं होतंत आणि सोडलंत, हे त्याने नाव घेऊन सांगायचं.

या परंपरेचं दुसरं टोक चरकसंहितेत आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्याने दुसऱ्या वैद्याशी चर्चा कशी करावी ते आलंय. मैत्रीने करायची चर्चा एक, भांडून करायची दुसरी. भांडून करायच्या चर्चेसाठी दिलेला सल्ला वाचून आजच्या नियमावल्या लिहिणाऱ्यांना घेरी येईल. आधी प्रतिस्पर्धी जोखा, मग सभा जोखा. सभा जाणती आहे की अडाणी, आपल्या बाजूची की तटस्थ की विरोधातली. विरोधातली असेल तर तोंड उघडू नका. समोरच्याचं वाचन कमी असेल तर त्याच्यावर लांबलचक सूत्रपाठ आदळा. त्याला वाक्य लक्षात राहत नसेल तर वळणावळणाची भली मोठी वाक्यं फेका. चरकाचा हा व्यवहारीपणा मला आवडतो, कारण त्यात सोंग नाही. जगातल्या बहुतेक चर्चा अशाच जिंकल्या जातात आणि टीव्हीवरच्या तर सगळ्याच. आजची पुस्तिका नेमके हेच डाव निरुपयोगी करायला बसलेली आहे. सामान्य मतदाराला कळेल अशा वेगाने आणि अशा भाषेत जे बोललं गेलं तेवढंच धरायचं म्हटल्यावर, आदळलेल्या सूत्रपाठाची किंमत शून्य होते.

आता त्या नियमाकडे येतो ज्यासाठी ही पुस्तिका आमच्या भागातल्या प्रत्येक शाळेत वाचली जावी असं मला वाटतं. आपल्या वक्तृत्व स्पर्धांच्या गुणपत्रिकेत सहसा विषयाची मांडणी, भाषाशैली, उच्चार, हावभाव, एकूण प्रभाव असे रकाने असतात. ‘उच्चार’ या रकान्यात कोनच्या आगरी घरातलं पोर बोलायच्या आधीच मागे पडतं. घरी ‘पानी’ म्हणायचं, ‘गारी’ म्हणायचं, ‘ळ’च्या जागी ‘ल’ यायचा. शाळेत गेल्यावर तेच तोंड वळवून घ्यायचं आणि वळलं नाही तर दहातले चार गुण. खाडीकाठच्या मिठागरांविषयी, भरावाविषयी, शेतजमिनीच्या मोबदल्याविषयी या पोराकडे सांगण्यासारखं शहरातल्या पोरापेक्षा जास्त असतं, पण त्याला रकाना नसतो. जागतिक विद्यापीठ स्पर्धेत असा स्वतंत्र रकानाच नाही. कसोटी एकच: पटवलं किती. शैलीचा विचार पटवण्यात तिने जेवढी मदत केली तेवढाच. उच्चाराची ढब, इंग्रजीवरची हुकमत यांवरून कुणाला चढवायचं किंवा उतरवायचं नाही, हे पुस्तिका स्पष्ट बजावते. इंग्रजी ज्यांची दुसरी किंवा परकी भाषा आहे त्यांच्यासाठी बाद फेऱ्यांचे वेगळे गटही असतात.

शाळकरी मुलांच्या जागतिक स्पर्धेने मात्र दुसरी वाट धरलीय. तिथे आशयाला 40 टक्के, शैलीला 40 आणि डावपेचाला 20 अशी वाटणी आहे. कुठली बरी? शैलीला नाव देऊन गुण दिले की निदान ती किती मोजली ते कळतं. नाव न देता ‘पटवणं’ या एकाच शब्दात तिला मिसळून टाकलं की ती चोरपावलांनी आत येते. लंडनच्या ढबीत सांगितलेला फुसका मुद्दाही कानाला वजनदार वाटतो, आणि नियमात लिहिलंय म्हणून कान लगेच सुधारत नाहीत. तरीही मी विद्यापीठ स्पर्धेच्या बाजूने आहे. उच्चारावरून गुण कापणाऱ्या परीक्षकाला आपल्याकडे गुणपत्रिकेचा आधार मिळतो. तिथे त्याला कुठलाच आधार नाही; त्याला सहपरीक्षकांसमोर दुसरं काहीतरी कारण शोधावं लागतं, आणि ते सापडलं नाही की तो उघडा पडतो.

ऑनलाइन स्पर्धा आल्यावर या मजकुराला नवी पुरवणी जोडावी लागली. आजवर जे खोलीलाच ठाऊक होतं ते लिहून काढणं, हे या पुरवणीचं काम. खोलीत प्रश्न विचारायचा असेल तर माणूस उभा राहतो. पडद्यावर उभं राहून कुणाला दिसणार? म्हणून ठरवावं लागलं की माइक उघडून एकच शब्द बोलायचा किंवा चॅटमध्ये लिहायचं. खोलीत संघ बाहेर गेले की परीक्षक आपसात बोलतात. पडद्यावर बाहेर जाणं म्हणजे कुठे जाणं, तेही लिहावं लागलं. झूमची एक खोली, डिस्कॉर्डवर तयारीचे कोपरे, टॅबीकॅटवर सोडत आणि गुणांची नोंद, असा संसार थाटला गेला. तयारीत इंटरनेट चाळायचं नाही, बाहेरच्या कुणाला विचारायचं नाही, हे नियम आधीही होते. आता त्यांची राखण करणारं कुणी नाही. मुलगा एकटा, दार बंद, समोर सगळं जग उघडं, आणि त्यात डोकवायचं नाही असं एक वाक्य. पोलीस नसलेला नियम वाचायचा तर तो हाच.

आमच्या इमारतीतली बारावीतली मुलगी अशा एका स्पर्धेत बोलली. घरात रेंज तुटते म्हणून ती गच्चीच्या जिन्यात बसली, मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून. वेळ दाखवायला आईचा दुसरा फोन. मांडीवर वहीचं आडवं पान, त्यावर आठ रकाने, आठ वक्त्यांचे. तिच्या चौथ्या मिनिटाला खाली एक ट्रेलर मागे घ्यायला लागला आणि त्याचा भोंगा जिन्यात घुमू लागला. ती थांबली. अध्यक्ष परीक्षक म्हणाले, घड्याळ थांबवलंय, आवाज गेला की सांग. ट्रेलर गेला. ती म्हणाली, ‘‘चालू करते,’’ आणि अर्धवट सुटलेलं वाक्य पहिल्यापासून न घेता तिथूनच पुढे बोलली. कॅमेरा तिने आधीपासूनच बंद ठेवला होता, डेटा टिकावा म्हणून. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण त्या स्पर्धेच्या नियमात लिहिलेलं होतं की कॅमेरा बंद असण्यावरून काही मत बनवायचं नाही. हे कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असा एखादा जिना आल्याशिवाय ते लिहिलं गेलं नसणार.

तुटणाऱ्या लाइनचं काय करायचं, हा या पुरवणीतला सर्वांत नाजूक भाग. ऑनलाइन स्पर्धांत सहसा असं ठरलेलं असतं: वक्ता मधेच गायब झाला तर घड्याळ थांबवायचं, ठरावीक मिनिटं वाट पाहायची, तो परतला तर तुटलं तिथून पुढे, नाहीच आला तर जोडीदाराने त्याचीही जागा भरून काढायची. परीक्षकाचीच लाइन गेली तर वक्त्याला थांबवायचं, कारण न ऐकलेल्याचा निवाडा करता येत नाही. इथे पुन्हा गौतम आठवतो. त्याच्या 22 जागांत एक ‘विक्षेप’ आहे: काम निघालं असं निमित्त सांगून चर्चा अर्धवट सोडणारा हरला. आणखी एक ‘अविज्ञातार्थ’: तीनदा बोलूनही सभेला आणि प्रतिवादीला कळलं नाही, तर बोलणारा हरला. ‘‘ऐकू येतंय का? आता? आता येतंय का?’’ असं तीनदा विचारणारी माझी शेजारीण या हिशेबाने जागच्या जागी बाद. गौतमाला सभेतले लोक माहीत होते, म्हणून तो संशयाने सुरुवात करतो. ऑनलाइनचे नियम विश्वासाने सुरुवात करतात: नेट गेलं म्हणालात, म्हणजे गेलं. पुरावा मागत नाहीत. यात पळवाट आहे, हे लिहिणाऱ्यांनाही कळत असणार. पण पुरावा मागायचा ठरवला तर तो देणं ज्यांना सर्वांत जड जाईल तीच मुलं नेमकी खरं बोलत असतात. एखाद्या लबाडाला वेळ मिळाला तरी चालेल, असा तो सौदा आहे आणि मला तो मान्य आहे.

गुणांच्या पट्टीकडे वळलो की पुस्तिकेचा सूर किंचित मिश्कील होतो. वक्त्याला 50 ते 100 मधले गुण द्यायचे आणि 75 म्हणजे सरासरी भाषण. पन्नास गुणांच्या पट्टीला असं वर सरकवून ठेवण्याचा शहाणपणा कुणाला सुचला कोण जाणे. कुणीच नापास झाल्यासारखं दिसत नाही. प्रत्येक टप्प्याचं शब्दांत वर्णन केलंय. अगदी वरच्या टप्प्याचं वर्णन असं की तिथलं भाषण आजवरच्या सर्वोत्तम भाषणांत बसेल. ते गुण हातून सुटणार नाहीत याची ती तजवीज. तळाशी विषयाला स्पर्शच न केलेली भाषणं. मधल्या टप्प्यांची वर्णनं खरी मोलाची: मुद्दा संबंधित आहे पण स्पष्टीकरणात भोकं आहेत, उत्तर दिलंय पण महत्त्वाच्या मुद्द्याला दिलेलं नाही. शिक्षकाच्या तोंडी दिवसभर जे असतं तेच, फक्त कुणाच्या अंगावर न ओरडता. एक साधी अटही आहे: वरचा क्रमांक मिळालेल्या संघाच्या दोघांच्या गुणांची बेरीज खालच्या संघापेक्षा जास्तच हवी. ‘‘ते छान बोलले, पण हे जिंकले’’ हे आपल्याकडचं आवडतं वाक्य या एका अटीने मोडीत निघतं. छान बोलणं म्हणजे पटवणं, आणि पटवलं असेल तर ते जिंकले.

आपोआप शेवटचा क्रमांक देण्यालाही पुस्तिकेची हरकत आहे. प्रश्न घेतला नाही, शेवटच्या वक्त्याने नवा मुद्दा आणला, की चौथा नंबर पक्का, असा एक लोकप्रवाद वादकांत फिरत असतो. पुस्तिका तो खोडते. चूक झाली तर तिच्यामुळे पटवण्यात किती घट झाली ते पाहा. शेवटच्या वक्त्याचा नवा मुद्दा धरू नका, पण त्याच्या बाकीच्या भाषणाला त्याची शिक्षा देऊ नका. शाळेतल्या शिस्तीत वाढलेल्या आपल्या मनाला हे पटायला वेळ लागतो. नियम मोडला की शिक्षा, इतकं सरळ आपण शिकलेलो असतो.

मग दार बंद होतं. तीन किंवा अधिक परीक्षक, त्यातला एक अध्यक्ष. बाकीच्यांना ‘विंग’ म्हणतात. आधी प्रत्येकाने आपला क्रम सांगायचा, मग भांडायचं, शक्यतो एकमताला यायचं, नाही जमलं तर मत घ्यायचं. अध्यक्षाचं मत एकच असतं आणि तो अल्पमतात जाऊ शकतो. याला ‘रोल होणं’ म्हणतात. अशा वेळी निकाल सांगायचं काम बहुमतातल्या विंगकडे सोपवता येतं, कारण स्वतःला न पटलेला निकाल पटल्यासारखा सांगणं हे सगळ्यांना जमत नाही. एखाद्या संस्थेच्या घटनेत इतकी मानवी तरतूद क्वचित सापडते. आमच्या भागातल्या कितीतरी मंडळांच्या बैठका या एका कलमाने सोप्या झाल्या असत्या.

निकाल तोंडी सांगायचा आणि कारणांसकट. चारही संघ समोर. पहिला का पहिला आणि चौथा का चौथा, हे फेरीत प्रत्यक्ष बोललेल्या मुद्द्यांवरून दाखवायचं. परीक्षकाला कुठली बाजू बरोबर वाटते याचा उल्लेख नको; कुणाच्या आवाजाचं, पोशाखाचं कौतुक नको. प्राथमिक 9 फेऱ्यांतल्या पहिल्या 6 नंतर असा निकाल मिळतो. शेवटच्या 3 झाकलेल्या असतात, म्हणजे बाद फेरीत कोण जाणार हे कुणालाच आधी कळू नये. आणि निकाल ऐकून झाल्यावर संघांच्या हातात परीक्षकाचं मूल्यमापन करायचा अर्ज येतो. मघाशी गुण घेणारे आता गुण देतात आणि त्या गुणांवरून पुढच्या फेऱ्यांत कुणाला अध्यक्ष करायचं ते ठरतं.

जिन्यातल्या मुलीचा संघ तिसरा आला. अध्यक्षांनी तिच्या पहिल्या मुद्द्याचं नीट वजन केलं, दुसऱ्याला समोरून उत्तर मिळालं होतं हेही दाखवलं, तिसऱ्याबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. तिसरा मुद्दा ट्रेलरच्या आधी सुरू होऊन नंतर संपला होता. तिने अर्जात लिहिलं की कारणं स्पष्ट होती, सूर आदराचा होता, एका मुद्द्याचा उल्लेख राहिला. आणि दहापैकी सात दिले. जोडीदार चिडला, पाच द्यायला हवे होते म्हणाला. तिचं म्हणणं असं की तो मुद्दा पाच मिनिटांच्या अंतराने दोन तुकड्यांत सांगितलेला होता. पहिल्या तुकड्याची आठवण तिने करून दिली नव्हती, मग त्यांनी ती स्वतःहून कशी जोडायची?